वाया जाणारं ऊन

आमच्याकडे शाळा दोन प्रकारच्या असतात. एक मुलांची, एक गणपतीची. पहिलीत मुलं घडतात असा समज आहे. दुसरीत गणपती खरोखरच घडतात. गणपतीच्या कारखान्याला रत्नागिरीत कारखाना फारसं कोणी म्हणत नाही, शाळाच म्हणतात. "शाळेत पाट पोचवला काय?" या प्रश्नाचा अर्थ इथल्या कुणाला समजावून सांगावा लागत नाही. घाटावरून आलेल्या माणसाला मात्र तो सांगावा लागतो. एका माणसाला तो वेळेवर कुणी सांगितला नाही, त्यामुळे आमच्या घरचा एक श्रावण वाया जायच्या बेतात आला होता.

माझ्या थोरल्या चुलतभावाची, दादाची, अशी गणपतीची शाळा होती. घराला लागून काढलेली लांबलचक पडवी, वर कौलं, खाली जांभ्याच्या भिंती, आणि आषाढ लागला की आत ओळीने मांडलेले पाट. पाट ज्याच्या त्याच्या घरचे. आपला पाट शाळेत आणून द्यायचा, त्याच्यावरच गणपती घडवून घ्यायचा आणि चतुर्थीला तोच पाट डोक्यावर घेऊन घरी न्यायचा, ही इथली रीत. आलेला पाट रिकामा परत जायचा नाही, हा दादाच्या वडिलांनी दिलेला शब्द दादा पाळत आला होता. एरवी देवाचं नाव मध्ये नसेल तर दादाच्या शब्दावर फार विसंबण्यात अर्थ नसे. "उद्या येतो" म्हणाला की तो परवाही येत नसे. पण देवाचं नाव मध्ये आलं की तो दगडासारखा. हे त्याला ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणून त्याच्याशी बोलताना जो तो देवाचं नाव जपून वापरी.

शाडूची मूर्ती सुकायला ऊन लागतं, आणि मूर्ती करायची ती नेमकी ज्या दिवसांत रत्नागिरीत ऊन ही ऐकीव गोष्ट असते तेव्हा. मिठाच्या बरणीत पाणी साठतं, चपलांवर बुरशी येते, आगकाडी पेटायच्या आधी वाकते. पूर्वी शाळेत कोळशाच्या शेगड्या ठेवत. त्यांनी मूर्ती एका अंगाने सुके, कान तडके, वर धूर बसे तो वेगळा. वीज आली तेव्हा दादाच्या वडिलांनी पडवीभर वायरी सोडून दोनशे वॅटचे बल्ब टांगले, गणपतीच्या पोटाजवळ येतील इतके खाली. त्या बल्बांना शाळेत 'ऊन' म्हणत. "ह्या कोपऱ्यात ऊन कमी पडतंय," "उंदरांना जरा ऊन लाव," अशी वाक्यं तिथे सारखी कानावर पडत, आणि बाहेर पागोळ्यांच्या आवाजात ती नीट ऐकूही येत नसत.

ऑफिस सुटलं की मी संध्याकाळी तिथे जाऊन बसे. माझ्याकडे मूर्तींच्या पाठीवरून ओला ब्रश फिरवून बोटांचे ठसे पुसायचं काम होतं. पुढची बाजू माझ्या हाती कोणी देत नसे.

नवं शतक लागून थोडीच वर्षं झाली होती. शतक नवं आहे म्हणून काहीतरी नवं केलं पाहिजे असं ज्यांना वाटत होतं, त्यांची आमच्या गावात एक संस्था होती. डॉक्टर, वकील, दोन बागायतदार, एक हॉटेलवाला, आणि अध्यक्ष म्हणून घाटावरच्या कुठल्याशा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन, समुद्र दिसेल अशा बंगल्यात येऊन राहिलेले एक गृहस्थ. सफारी सूट, बुटांना पावसातही पॉलिश. ते 'ऊर्जा' हा शब्द असा उच्चारीत, की त्यातला रफार सावधान अवस्थेत उभा राही. संस्थेने आतापर्यंत झाडं लावली होती, ती बकऱ्यांनी खाल्ली. मग वाहतुकीचे फलक लावले, ते बकऱ्यांना खाता आले नाहीत. यंदा विजेची बचत होती.

बाजारात तेव्हा चकलीसारख्या वळवलेल्या नळीचे पांढरे दिवे नुकते येत होते. एका दिव्याच्या किमतीत साधे बल्ब डझनभर आले असते, पण शंभराच्या बल्बाएवढा उजेड तो पाव विजेत देई आणि टिकेही जास्त. हे खरं होतं. मी घरी दोन लावले आणि बिल खरंच उतरलं. पावसात व्होल्टेज नाचायला लागलं की दिवाही नाचे, आणि टिकण्याबद्दल खोक्यावर छापलेलं आमच्या लायनीने कधी वाचलेलं नव्हतं, पण ते सोडा. दिव्याशी माझं भांडण नाही. दिवा देताना माणसं स्टेजवर चढतात, त्यांच्याशी आहे.

योजनेचं नाव होतं 'जुना द्या, नवा घ्या'. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने जुने बल्ब संस्थेकडे जमा करायचे आणि तेवढे नवे दिवे फुकट न्यायचे. शाळांची यादी करायला संस्थेचा कारकून वाडीवाडीतून हिंडला. आमच्या वाडीत त्याने दुकानावर विचारलं, "इथे शाळा किती?"

दुकानावर बसलेल्यांनी सांगितलं, "दोन."

"मुख्याध्यापक कोण?"

पहिल्या शाळेच्या गुरुजींचं नाव सांगून झाल्यावर दुसऱ्या शाळेचं कोण म्हणून जरा चर्चा झाली. मुख्य तर दादाच. त्याचं नाव सांगितलं. कारकून स्वतः घाटावरचा, संस्था घाटावरच्या अध्यक्षाची; कुणालाच त्यात काही खटकलं नाही. चार दिवसांनी दादाच्या नावे छापील आमंत्रण आलं. 'मा. मुख्याध्यापक' म्हणून.

दादाने सातवीत शाळा सोडली होती. खरं म्हणजे गुरुजींनीच त्याला सोडवली होती. ते आमंत्रण त्याने खिशात घालून वाडीभर फिरवलं. वहिनीने ते एकदा वाचलं आणि विचारलं, "बल्ब द्यायचे म्हणजे? मग गणपती कशावर सुकवायचे?"

"उजेड तेवढाच पडतो म्हणतात," दादा म्हणाला. "ऊन म्हणजे तरी काय गो? उजेडच ना?"

"मग तुमच्या तोंडावर उजेड पडतोय त्यात दोन उंदीर सुकवून दाखवा."

"तू गप. वीज किती वाचंल बघ."

वीज वाचणार होती हे वहिनीलाही नाकारता येईना, कारण श्रावणाचं बिल आलं की तीच सर्वांत आधी कपाळाला हात लावी. पण मला वाटतं, दादाला वीजही नको होती न् दिवेही. त्याला स्टेजवर, हेडमास्तरांच्या रांगेत, खुर्ची हवी होती.

ती त्याला मिळाली. कार्यक्रमाला मीही गेलो होतो. ऑफिसातल्यांना जाणं भाग होतं. दीपप्रज्वलन समईने झालं, तिच्या वातीच्या कार्यक्षमतेबद्दल कोणी काही बोललं नाही. मग अध्यक्षांनी टेबलावर दोन दिवे लावले, एक पिवळा, एक पांढरा, आणि मुख्याध्यापकांना एकेक करून बोलावून दोन्हींजवळ हात न्यायला लावला.

"भाजतंय की नाही?" पिवळ्याजवळ ते विचारीत. "ही तुमच्या पैशांची उष्णता! बल्ब म्हणजे दिवा नव्हे, शेगडी आहे शेगडी! आणि आता इकडे. लागतंय काही?"

"नाही," मुख्याध्यापक म्हणत.

दादाची पाळी आली तेव्हा त्याने बल्बाजवळ हात बराच वेळ धरून ठेवला. अध्यक्षांना वाटलं, गुरुजी प्रयोगात रमले. त्याच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा काहीतरी हललेलं दिसलं. पण खाली वाडीतली माणसं बसलेली, समोर फोटोवाला उभा. तो पांढऱ्या दिव्याकडे गेला आणि इतरांसारखंच "नाही" म्हणाला.

नंतर बल्ब जमा झाले. हेडमास्तरांनी आणलेल्या पिशव्यांतले बहुतेक बल्ब उडालेले होते. चालू बल्ब देऊन टाकण्याइतके ते अडाणी नव्हते. दादाने पाटीत कागदात गुंडाळून आपले सगळे दोनशेचे आणले होते, रंगाचे शिंतोडे पडलेले, आणि एकूण एक चालू.

शेवटी शपथ. हात पुढे करून सगळ्यांनी अध्यक्षांमागून म्हणायची. "मी अशी शपथ घेतो की..." इथवर ठीक होतं. पण अध्यक्षांना कोकणात येऊन काही वर्षं झाली होती, आणि इथल्या लोकांना ग्रामदेवतेबद्दल फार वाटतं एवढं त्यांच्या कानावर आलेलं. आपल्या भाषणाला स्थानिक फोडणी म्हणून त्यांनी मध्ये घातलं, "...माझ्या ग्रामदेवतेला स्मरून, की आजपासून मी माझ्या शाळेत जुना बल्ब लावणार नाही."

सगळे म्हणाले. हेडमास्तर म्हणाले, शिक्षणाधिकारी म्हणाले, हॉटेलवालाही उगाचच म्हणाला. त्या स्टेजवर शपथ खरोखर घेतली ती एकट्या दादाने.

श्रावण सुरू झाला. चकलीचे दिवे पडवीत ओळीने लागले. उजेड भरपूर, पांढराशुभ्र. शाळेत गेलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटे. मूर्ती होत गेल्या आणि तशाच राहिल्या. शाडू सुकला की फिका पडतो, पांढुरका होतो. या मूर्ती काळपट करड्या, जणू आत्ताच घडवल्यात. बोट लावलं की बोटाचा ठसा उमटे. माझं ठसे पुसायचं काम संपेचना, कारण जो येई तो एक बोट लावून बघे.

"सुकतील," दादा म्हणे. "जरा वारा सुटूदे."

वारा सुटला, त्यात पाणीच होतं. वहिनीने अडगळीतून जुन्या शेगड्या काढून पेटवल्या. पहिल्याच फेरीत दोन गणपतींचे कान तडकले आणि एकाची सोंड. दादाने शेगड्या उचलून बाहेर ठेवल्या आणि तडे लिंपत बसला. आता त्यालाही दिसत होतं. पण होल्डरमध्ये बल्ब लावायचं नाव तो काढेना. बाजारात बल्ब हवे तेवढे मिळत होते.

"मी आणून देतो," मी म्हणालो. "आत्ता जातो."

"लावायचा कुणी?"

"दादा, ती शपथ म्हणजे... असल्या कार्यक्रमांत शपथा घ्यायच्याच असतात. कागदावर असतं तसं वाचायचं."

"मी वाचली नाय. देवीचं नाव घेऊन बोललो मी."

"मग देवीला कौल लावा," वहिनी म्हणाली. आमच्याकडे अडचण आली की देवळात जाऊन देवीला कळ्या लावतात आणि उजवी पडते की डावी, त्यावरून तिची आज्ञा घेतात.

"आणि विचारू काय गुरवाला? की माझा शब्द मोडू काय म्हणून विचार?" दादाचा आवाज चढला. "देवीला असला विचारायचा? लाज हाय काय?"

"आणि पाट रिकामे गेले तर ती लाज नाय काय? इतकी घरं हायत. लोकांनी काय पाटावर नारळ ठेवायचा?"

एका बाजूला वडिलांचा शब्द, दुसऱ्या बाजूला देवीच्या नावाने दिलेला स्वतःचा, आणि मध्ये ओल्या मूर्तींची रांग. पाट परत न्यायला कोण कोण येईल, कसं तोंड करून उभं राहील, हे तो मनातल्या मनात बघत असावा. जेवण त्याने जवळजवळ सोडलं होतं. दुपारभर पडवीत बसून टॉवेलने वारा घाली, गणपतींना.

मी अध्यक्षांच्या बंगल्यावर गेलो. शपथ ज्यांनी दिली त्यांनीच ती मागे घ्यावी, देवळात येऊन दोन शब्द बोलावेत, एवढंच मागायचं होतं. त्यांनी मला समुद्राकडे पाठ करून बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ती शाळा नाही?"

"शाळाच आहे. गणपतीची."

"अहो, मग तसं सांगायचं ना यादीत!" यादी छापून झाली होती, अहवाल वरती गेला होता, आणि त्यात शाळांचा आकडा होता. मग त्यांचा आवाज पुन्हा स्टेजवर चढला. "पण तत्त्व बदलत नाही. मूर्तिकारांनीही बचत केलीच पाहिजे. बल्बातली बहुतेक वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते हो!"

"तीच वाया गेलेली आम्हाला हवी आहे."

"तुम्ही शिकलेले आहात," ते म्हणाले, "आणि तुम्ही असं बोलता?"

शिकलेल्या माणसाने काय बोलायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. मी उठलो. दारात त्यांना एकदम जुळलं, आणि त्यांनी मला आठवण करून दिली की संस्थेचा गणपतीही त्याच शाळेत आहे, आणि तो वेळेवर हवा, कारण उद्घाटनाला जिल्ह्याचे मोठे साहेब यायचे आहेत.

ते खरं होतं. 'मुख्याध्यापकां'चा खरा व्यवसाय काय हे न कळताच, कुणीतरी सुचवलं म्हणून, कारकुनाच्या हातून संस्थेने पाट धाडला होता. पाट मोठा, ऑर्डर त्याहून मोठी: बैठा गणपती, आणि पुढच्या डाव्या हातात मोदकाऐवजी चकलीचा दिवा. समोर देखावा म्हणून वीजखाऊ राक्षस. कामट्यांचा सांगाडा, वर काळं कापड, आणि जमा झालेल्या जुन्या बल्बांचे डोळे, दात आणि नखं. दादाचे दोनशेचे बल्ब तिथे गेले होते. सगळ्यांत मोठे म्हणून त्यांचे दात केले होते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत अध्यक्ष स्वतः शाळेत आले. हातात बसतो की नाही ते बघायला एक दिवा घेऊन आले होते. दादाला म्हणाले, "नमस्कार मुख्याध्यापक," आणि मग आठवण झाल्यासारखे खाकरले. दादाने नमस्कार केला. वहिनी उंबऱ्यात उभी राहिली.

संस्थेचा गणपती पडवीच्या टोकाला होता, दादाने रिकामा ठेवलेला तळहात वर करून बसलेला. अध्यक्षांनी पुढे होऊन त्या तळहातावर दिवा ठेवला, दोन पावलं मागे आले आणि मान तिरकी करून पाहू लागले.

आधी वाटलं, भास आहे. मग दिसलं की हात खाली येतोय. अगदी सावकाश, देणाऱ्याने देता देता विचार बदलावा तसा. मनगट वाकलं, बोटं खाली झुकली, दिवा घरंगळला आणि पाटाच्या कडेवर आपटून फुटला. हात पोटाला येऊन टेकला आणि तिथेच चिकटला.

कौलांवर पावसाचा आवाज तेवढा.

"ओला आहे हा," अध्यक्ष म्हणाले.

"सगळेच हायत," दादा म्हणाला.

अध्यक्षांनी रांगेवरून नजर फिरवली. त्या माणसाला मी पहिल्यांदाच काही मोजताना पाहिलं, आणि ते विजेचं युनिट नव्हतं. मोठे साहेब, निमंत्रणपत्रिका, फोटोवाला.

"मग लावा ना बल्ब! माझी हरकत नाही. मी परवानगी देतो."

"तुम्ही कशी देणार? शपथ देवीची हाय."

"मग बाईंनी लावावेत."

"मी ह्यांच्या घरातली," वहिनी म्हणाली. "ह्यांची शपथ ती माझी."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

"भावजी पण घरातलेच," वहिनीने मला तोंड उघडूच दिलं नाही. "परक्या माणसानं येऊन लावले तर देवी काय बोलायची नाय. आमच्या घरातला नको. आणि शपथ घेतलेला पण नको."

"पण तुम्हीही घेतली होती की शपथ," मी अध्यक्षांना म्हणालो. मला राहवलं नाही. "सर्वांत मोठ्याने तुम्हीच म्हणत होता."

"मी घेतली नव्हती," अध्यक्ष पटकन म्हणाले. "मी दिली होती!"

हे वाक्य मी नंतर पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ मोठ्या माणसांच्या तोंडावर न बोललेलं वाचलं आहे. त्या दिवशी ते स्पष्ट उच्चारलेलं ऐकलं.

"मग झालं तर," वहिनी म्हणाली. "तुम्हीच लावा. आणि नवे नकोत हां. आमचे घेतलेत ते आमचे आणा."

अध्यक्ष काही तरी बोलणार होते. त्यांनी पोटाला चिकटलेल्या त्या हाताकडे पाहिलं आणि गाडीकडे गेले.

दिवेलागणीला गाडी परत आली. ड्रायव्हरने दादाचीच पाटी उतरवली. आत राक्षसाचे दात, कागदात गुंडाळलेले. दादाने कोपऱ्यातलं स्टूल आणून मध्ये ठेवलं. ते जरा डुगडुगे, म्हणून ड्रायव्हरने त्याचे पाय धरले. अध्यक्षांनी बूट काढले आणि वर चढले. एकेक चकलीचा दिवा काढायचा, खाली द्यायचा, खालून आलेला बल्ब होल्डरमध्ये दाबून फिरवायचा, मग वायर खाली सोडायची.

"अजून खाली," दादा सांगत होता. त्याच्या आवाजात कित्येक दिवसांनी जीव आला होता. "अजून जरा. ऊन पोटाला लागूदे. हां. आता पुढचा."

"ऊन?" अध्यक्षांनी वरून विचारलं.

"तुम्ही लावताय ता," वहिनी म्हणाली.

अर्धी रांग लागली तशी पडवी पिवळी झाली आणि तापली. अध्यक्षांच्या सफारीची पाठ घामाने चिकटली. उष्णता वाया कशी जाते याविषयी ते काही बोलले नाहीत. शेवटचा बल्ब संस्थेच्या गणपतीपाशी लागला. ते उतरले, बूट घातले, आणि जाताना दादाला म्हणाले, "हे बाहेर सांगू नका." दादाने ते कबूल केलं. देवाचं नाव मध्ये नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वाडीभर झालं.

मूर्ती फिक्या पडत गेल्या. आधी कान, मग सोंडेची टोकं, मग पोटं. त्या आठवड्यात शाळेत येईल त्या माणसाच्या हातात ब्रश दिला गेला; मला चक्क एका गणपतीचं पितांबर रंगवायला मिळालं. डोळ्यांच्या आखणीला मात्र दादाने संस्थेकडून एक चकलीचा दिवा परत मागून घेतला आणि बसायच्या जागी लावला. सावली पडत नाही आणि डोकं तापत नाही, म्हणाला. तेवढं श्रेय मी त्या दिव्याला मोकळ्या मनाने देतो. दादाने दिलंच होतं.

चतुर्थीच्या सकाळी माणसं छत्र्या, इरली घेऊन आली आणि आपापले पाट डोक्यावर घेऊन गेली. काही गणपतींचा रंग हाताला लागत होता; त्या घरांना दादाने हार लांबूनच घाला म्हणून सांगितलं. पण पडवी झाडायला घेतली तेव्हा भिंतीशी एकही पाट उरलेला नव्हता. दादा त्या रिकाम्या पडवीत बल्बांखाली बसून भरपेट जेवला. बल्ब त्याने तसेच टांगून ठेवले. मी लावले नाहीत, मी काढणार नाही, म्हणाला.

संस्थेच्या गणपतीचं उद्घाटनही वेळेवर झालं. समोरचा राक्षस बोळका होता. मोठ्या दातांच्या जागी कामट्यांची टोकं नुसतीच बाहेर आली होती. अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि मोठ्या साहेबांना म्हणाले, "आमच्या मोहिमेने या राक्षसाचे दात पाडले आहेत!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं काही नव्हतं त्यात.

पुढे काही वर्षं गेली. दशक सरत आलं तेव्हा श्रावणात एका दुपारी अध्यक्ष पुन्हा शाळेत आले. थोडे वाकले होते, बूट तसेच. बरोबर खोकं. चकलीच्या दिव्यांचं आता नाव काढू नका, त्यात पारा असतो, निसर्गाला घातक, असं त्यांनी आम्हाला गंभीरपणे सांगितलं, जणू ते आम्हीच वाटले होते. आता एलईडी. किंमत आज भारी वाटते, पण वीज त्याच्याही निम्मी आणि आयुष्य कितीतरी पट. त्यांनी प्लगमध्ये एक लावून दाखवला. निळसर, बारीक, डोळ्यांत खुपणारा उजेड.

दादाने चष्मा कपाळावर सारला. "गरम होतो काय?"

"अजिबात नाही! हात लावून बघा."

दादाने मातीचा हात टॉवेलला पुसला आणि दिव्यावर ठेवला, ताप बघावा तसा. बराच वेळ ठेवला. मग वर, दोनशेच्या रांगेकडे बघितलं. ते खोकं त्याने बाजूला सरकवलं आणि पाहुणे उभे आहेत म्हणून, त्यांना बसायला, कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं.

अध्यक्ष त्या स्टुलाकडे बघत राहिले. बसले नाहीत. अजून एका शाळेत जायचंय, म्हणाले.

"पोरांच्या काय?" वहिनीने विचारलं.